गाडीला वापरलेला दरवाजा घ्यायचा, तर जुळणारा कसा ओळखावा?

उसाचा हंगाम सुरू झाला, की सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कडेला उभ्या केलेल्या मोटारींच्या कुशीला धोका असतो. एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या वळणावर ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत. पहिली थोडी आतून कापते आणि दुसरी त्याहूनही आतून. पलूसकडून सांगलीला येताना एका तिठ्यावर गाडी कडेला लावून मी चहा घेत होतो, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या ट्रॉलीच्या लोखंडी कोपऱ्याने ड्रायव्हर साइडचा पुढचा दरवाजा मधोमध आत चेपला. पुढच्या तीन आठवड्यांत मी दोन दरवाजे विकत घेतले. पहिला चुकीचा निघाला. त्यात व्यापाऱ्याने फसवले नव्हते. मी त्याला दिलेली माहितीच अपुरी होती, आणि तशी माहिती बहुतेक गाडीमालक देतात.

व्यापाऱ्याने विचारले होते, "गाडी कोणती आणि कोणत्या सालची?" मी सांगितले, "स्विफ्ट, २०१८ ची." हे उत्तर खरे होते, कारण गाडीची नोंदणी फेब्रुवारी २०१८ ची आहे. परंतु त्याच फेब्रुवारीत मारुती सुझुकीने स्विफ्टची तिसरी पिढी बाजारात आणली होती, आणि माझी गाडी डिसेंबर २०१७ मध्ये तयार झालेली, म्हणजे दुसऱ्या पिढीतली होती. शोरूमच्या आवारात महिना-दोन महिने उभी राहिलेली गाडी पुढच्या सालात नोंदवली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. व्यापाऱ्याने '२०१८ ची स्विफ्ट' म्हणून नव्या बॉडीचा दरवाजा दिला, तो पाहताना मला आपल्या दरवाजासारखाच वाटला, आणि गॅरेजमध्ये तो लावून पाहिल्यावर बिजागरीची भोके जुळेनात आणि काचेच्या चौकटीचा पुढचा कोन पिलरपासून, म्हणजे गाडीच्या बॉडीच्या खांबापासून, बोटभर लांब राहिला.

म्हणून पहिला नियम असा, की नोंदणीचे साल सांगू नये, उत्पादनाचा महिना आणि साल सांगावे. हे दोन्ही आरसी पुस्तकात किंवा आरसी कार्डावर स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. त्याच्या जवळच चेसिस नंबर असतो, आणि तो सतरा अक्षरांचा नंबर हीच गाडीची खरी ओळख असते. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, त्यामुळे शून्य आहे की ओ असा संभ्रम पडल्यास ते शून्यच समजावे. हा नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट विक्रीच्या काउंटरवर गेल्यास तिथला माणूस संगणकातल्या यादीतून दरवाजाचा पार्ट नंबर काढून देऊ शकतो. नवा दरवाजा घ्यायचा नसला तरी ही फेरी वाया जात नाही, कारण नव्याची किंमत कळल्याशिवाय जुन्याचा भाव महाग की स्वस्त हे ठरवता येत नाही.

सांगाडा आणि आतले सामान

दरवाजा ही एकच वस्तू आहे असे आपण धरून चालतो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. गॅरेजवाले ज्याला 'शेल' म्हणतात तो पत्र्याचा सांगाडा वेगळा, आणि त्याच्या पोटात बसवलेले सामान वेगळे. सांगाड्यात बाहेरचा पत्रा असतो, ज्याच्या कडा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेल्या असतात. दोन्हींच्या मध्ये बाजूच्या धडकेचा मार सोसण्यासाठी एक आडवा पोलादी दांडा असतो. पुढच्या कडेला बिजागऱ्यांसाठी जाड पत्र्याचा आधार असतो आणि मागच्या कडेला लॉकचे घर असते. पोटातल्या सामानात काच, काच वर-खाली करणारी मशीन आणि तिची मोटर, लॉक, किल्लीचे सिलिंडर, हँडल, आरसा, स्पीकर, वायरिंग आणि आतून लावलेला पॅड हे सगळे येते.

गाडीला बसण्याच्या दृष्टीने जुळायला हवा तो सांगाडा. पोटातले सामान बहुतेक वेळा आपल्या जुन्या दरवाजातून काढून नव्याने आणलेल्या सांगाड्यात घालता येते, कारण ट्रॉलीने पत्रा चेपला म्हणून मोटर, लॉक किंवा आरसा निकामी होतोच असे नाही. एवढे लक्षात आले, की शोध बराच सोपा होतो. आपली गाडी वरच्या मॉडेलची असून तिला विजेवर हलणारा आरसा असेल, आणि मिळालेला दरवाजा हाताने काच फिरवायच्या साध्या मॉडेलचा असेल, तरी एकाच पिढीचा सांगाडा सहसा चालतो, कारण कंपन्या प्रत्येक व्हेरियंटसाठी पत्र्याचे वेगळे साचे शक्यतो बनवत नाहीत. याउलट व्हेरियंट तंतोतंत तोच, रंगही तोच, पण पिढी वेगळी असेल, तर तो दरवाजा फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही. व्यापारी मात्र बोलताना रंग आणि व्हेरियंट यांवरच भर देतात, कारण गिऱ्हाईक तेच विचारते.

या नियमाला काही अपवाद आहेत आणि ते तपासूनच व्यवहार करावा. बटण दाबून उघडणाऱ्या, म्हणजे किल्ली खिशात ठेवून चालणाऱ्या गाडीच्या हँडलला वायर लागते. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी धडक ओळखणारा सेन्सर दरवाजाच्या पोटात बसवलेला असतो, त्यामुळे तो बसवायची जागा सांगाड्यात आहे का, हे पाहावे लागते. बाजूच्या धडकेची सरकारी चाचणी भारतात नव्याने येणाऱ्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्याच मोटारींना १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीची झाली; या काळाच्या अलीकडची गाडी आणि पलीकडचा दरवाजा अशी जोडी जमवायची असेल, तर बाहेरून सारखे दिसणे पुरेसे मानू नये आणि पार्ट नंबर एकच आहे याची काउंटरवर खात्री करून घ्यावी.

बाजू सांगतानाही चूक होते. यादीत उजवी आणि डावी बाजू चालकाच्या जागेवर पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या हिशेबाने धरतात. आपल्याकडे उजवी म्हणजे ड्रायव्हर साइड आणि डावी म्हणजे क्लीनर साइड. गाडीसमोर उभे राहून 'डाव्या हाताचा' म्हणणारा माणूस नेमका उलटा दरवाजा मागवून बसतो. फोनवर बोलताना म्हणूनच 'ड्रायव्हर साइड, पुढचा' असे सांगावे आणि फोटोही पाठवावा.

दुसऱ्या गाडीचा दरवाजा चालतो का?

काही वेळा चालतो. टोयोटाची ग्लान्झा ही २०१९ मध्ये मारुतीच्या बलेनोवरूनच तयार झाली, आणि महिंद्राची व्हेरिटो ही मुळात महिंद्रा-रेनॉ लोगनच होती, त्यामुळे अशा जोड्यांत एकमेकींच्या दरवाजांचा शोध घेण्यात अर्थ असतो. बलेनोचे रूप २०२२ मध्ये बरेच बदलले असल्यामुळे तिथेही पुन्हा काळ पाहावाच लागतो.

स्विफ्ट आणि डिझायर यांच्याबाबतीत मात्र सरसकट काही सांगणे धोक्याचे आहे. दुसऱ्या पिढीत दोन्हींची पुढच्या बाजूची ठेवण सारखी असल्यामुळे मिस्त्री पुढच्या दरवाजासाठी डिझायरही शोधायला सांगतात. तिसऱ्या पिढीत चित्र पालटले. डिझायर मे २०१७ मध्ये आली, स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये; त्या स्विफ्टच्या मागच्या दरवाजाचे हँडल काचेमागच्या काळ्या भागात वर लपवलेले आहे, तर डिझायरचे नेहमीच्या जागी आहे, म्हणजे मागचे दरवाजे एकमेकींना लागण्याचा प्रश्नच उरत नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या स्विफ्टने ते हँडल पुन्हा खाली आणले. त्यातच टॅक्सीसाठी विकली जाणारी डिझायर टूर एस ही नवी डिझायर आल्यानंतरही काही वर्षे जुन्या बॉडीतच मिळत होती, त्यामुळे '२०१९ ची डिझायर' एवढ्या वर्णनावरून दरवाजा जुन्या बॉडीचा की नव्या, हे कळत नाही. माझ्यासारख्या दुसऱ्या पिढीच्या मालकाला अशा टॅक्सी गाड्या म्हणजे पुढच्या दरवाजाचा एक चांगला साठा ठरू शकतो. टॅक्सीचा मागचा दरवाजा मात्र दिवसातून वीस वेळा आपटलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दरवाजा पाहायला जाण्यापूर्वी मी दुसऱ्या खेपेला दोन गोष्टी केल्या आणि त्या दोन्हींचा उपयोग झाला. पहिली अशी, की वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या बोल्टांमधले अंतर टेपने मोजून लिहून घेतले. दुसरी गोष्ट आमच्या मिस्त्रींनी सुचवली. वर्तमानपत्राची दोन पाने चिकटवून ती गाडीच्या दरवाजाच्या मोकळ्या चौकटीवर, काचेच्या भागात धरली आणि पिलरच्या कडेने दाबून उतार उमटवून कापला. हा कागदी साचा मी कराडला घेऊन गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने आधी हसून पाहिले; मग त्याने दाखवलेल्या तीनपैकी एका दरवाजावर साचा बसला नाही तेव्हा तोच म्हणाला, "हा नव्या बॉडीचा दिसतो, साहेब, बाजूला ठेवा."

याशिवाय आपल्या दरवाजाचे फोटो मोबाइलमध्ये असावेत: आतला पॅड काढल्यानंतरचा पूर्ण पत्रा, बिजागऱ्या, लॉक, आरशाचा त्रिकोण, आणि पिलरमधून दरवाजात येणाऱ्या वायरिंगचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. कपलरचा आकार आणि पिनांची संख्या जुळली नाही, तर वायरी तोडून जोडण्याच्या फंदात न पडता आपले मूळ वायरिंगच नव्या सांगाड्यात घालावे. ड्रायव्हर साइडच्या लॉकवरून सेंट्रल लॉक चालत असल्यामुळे त्याला बाकीच्या दरवाजांपेक्षा जास्त वायरी असतात, आणि तिथे केलेला काळ्या टेपचा जोड पहिल्या पावसाळ्यात त्रास देतो.

पत्रा कुठे पाहावा

वापरलेल्या दरवाजाकडे उभ्याने पाहू नये. खाली बसावे. दरवाजाच्या तळाची दुमड, म्हणजे जिथे बाहेरचा पत्रा आतल्यावर वळवलेला असतो, ती गंजाची पहिली जागा. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या पोटात उतरतच असते. ते बाहेर पडावे म्हणून तळाला लहान भोके ठेवलेली असतात. ती माती आणि पाल्याने बुजली, की पाणी आतच साठते आणि गंज आतून बाहेर येतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात वर्षानुवर्षे वापरलेल्या गाडीचा दरवाजा वरून चकचकीत असला तरी दुमडीवर रंगाचे बारीक फोड दिसल्यास तो नाकारावा, कारण फोडाखालचा पत्रा बहुधा आधीच खाल्लेला असतो.

पुट्टीची चाचणी सोपी आहे. फ्रिजवर चिकटवायचे पातळ, कमी जोराचे लोहचुंबक दरवाजावरून फिरवावे. ज्या जागी ते सुटून पडते तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असतो. रंगाची जाडी मोजणारे यंत्र पेंटरकडे असल्यास अधिक चांगले: कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, पुन्हा रंगवलेला पत्रा त्याच्या पुढे जातो, आणि पुट्टी भरलेली असली तर आकडा पाचशे-हजारावर पोहोचतो. थोडी पुट्टी हा दोष मानू नये. वरून दिसणारा खड्डा भरला आहे की आतला पोलादी दांडा वाकला आहे, एवढाच प्रश्न महत्त्वाचा. त्यासाठी आतल्या मोठ्या भोकातून मोबाइलचा दिवा लावून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहावा. वाकलेला, वेल्डिंग केलेला किंवा कापलेला दांडा असलेला दरवाजा कोणत्याही भावाने घेऊ नये, कारण धडकेच्या वेळी आपल्या बरगड्यांच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये तेवढाच दांडा असतो.

आता सांगलीकरांनी विशेष जपायची गोष्ट. कृष्णेला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. अशा पुरात सापडलेल्या मोटारी विमा कंपन्या पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढतात, त्या लिलावात विकल्या जातात आणि त्यांचे सुटे भाग बाजारात येतात. यात बेकायदेशीर काही नाही. पुरातल्या गाडीचा दरवाजा बाहेरून उलट फार सुंदर असतो, कारण त्याला अपघाताचा ओरखडाही नसतो. म्हणूनच तो फसवा ठरतो. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि तो पाण्याच्या फवाऱ्याने पूर्ण निघत नाही. पोलादी दांड्याच्या मागे, स्पीकरच्या घरात, काचेच्या खाचेतल्या रबराच्या तळाशी आणि कपलरच्या पिनांमध्ये तो राहतोच. पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून या जागांमधून फिरवावा. रुमालावर पिवळसर-करडा थर आला आणि कपलरच्या पिना हिरवट दिसल्या, तर आतले सामान कवडीमोलाचे समजावे. सांगाडा तरीही घ्यायचा असेल तर केवळ सांगाड्याचाच भाव करावा, आणि दुमडीत गंज सुरू झालेला नाही याची खात्री करावी. माझ्या मते अशा दरवाजाच्या वाटेला न गेलेलेच बरे, पण मिस्त्रींचे मत वेगळे आहे. ते म्हणतात, धुऊन, वाळवून, आतून गंजरोधक फवारला तर पुराचा पत्रा ठोकलेल्या पत्र्यापेक्षा सरळ असतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे.

बिजागरी तपासण्यासाठी दरवाजा गाडीवर असतानाच पाहायला मिळाला तर उत्तम. अर्धवट उघडून मागचे टोक हाताने वर उचलावे. खळखळ जाणवली तर पिन किंवा बुश झिजले आहेत. आपल्याच बिजागऱ्या वापरायच्या असतील तर ही झीज गौण आहे, परंतु काही गाड्यांत बिजागरी बोल्टने न बसवता वेल्ड केलेली असते, म्हणून आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे हे आधीच पाहून ठेवावे.

कागद, चोरी आणि काच

काचेवर अनेकदा गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर कोरलेला असतो. व्यापारी 'सातारच्या गाडीचा आहे' म्हणतो आणि काचेवरचा नंबर एमएच ११ ऐवजी भलत्याच राज्याचा निघतो, असे झाले तर खुलासा मागावा. खुलासा मिळू शकतो, कारण लिलावातल्या गाड्या दूरदूरच्या राज्यांतून येतात, पण नंबर घासून काढलेला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिल हीच खरेदीदाराची ढाल असते. बिलावर नुसते 'जुना पार्ट' असे न लिहिता गाडीचे नाव, उत्पादनाचा काळ, बाजू आणि 'न बसल्यास इतक्या दिवसांत परत' ही अट लिहून घ्यावी. माझ्या पहिल्या बिलावर ही अट नव्हती, आणि व्यापाऱ्याने पैसे परत देताना वाहतुकीखेरीज आणखी थोडे कापून घेतले, तेव्हा मला बोलायला जागा नव्हती.

दरवाजा काचेसह घेतला आणि काचेवर काळी फिल्म असेल, तर ती काढूनच गाडी रस्त्यावर आणावी. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जावा असा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातलेली आहे.

विम्याचा दावा करावा की जुना दरवाजा घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीत आहे. विमा कंपनी खराब झालेल्या धातूच्या भागावर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापते: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रबर आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के कापतात, काचेवर काही कापत नाहीत. रंगाच्या बिलाचा चौथा हिस्सा हा साहित्याचा खर्च धरून त्याच्या निम्मी रक्कम कापतात. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरच्या मोटारीला २,००० रुपये मालकाने सोसायचेच असतात. घसारा न कापण्याची जादा पॉलिसी घेतली असेल तर चित्र अर्थातच वेगळे.

समजा, आठ वर्षांची लहान मोटार आहे, नवा सांगाडा १०,००० रुपयांचा आणि रंगकाम ६,००० रुपयांचे. हे आकडे निव्वळ हिशेबासाठी घेतले आहेत. सांगाड्याचे ४,००० कापले गेले, रंगाचे ७५०, आणि सक्तीचे १,०००. म्हणजे १६,००० पैकी १०,२५० कंपनीकडून मिळाले आणि ५,७५० खिशातून गेले. इथवर दावा फायद्याचा दिसतो. पण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. आधी तो ५० टक्के असेल आणि स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ६,००० रुपये धरला, तर पुढच्या नूतनीकरणात ३,००० रुपयांची सूट बुडाली. नंतर दावा न करता वर्षे गेल्यास बोनस २०, २५, ३५, ४५ आणि मग पुन्हा ५० टक्के असा चढतो, म्हणून त्या वर्षांत अनुक्रमे १,८००, १,५००, ९०० आणि ३०० रुपये जास्त भरावे लागतात. हप्ता तोच राहिला असे धरल्यास सगळी बुडीत ७,५०० रुपये होते, आणि दाव्याची खरी किंमत १३,२५० रुपयांवर जाते. त्याच रंगाचा चांगला वापरलेला दरवाजा बसवून एवढ्याच्या आत मिळत असेल, तर दावा न करणे शहाणपणाचे. गाडी दोन-तीन वर्षांचीच असेल, किंवा बोनस मुळातच २० टक्के असेल, तर हाच हिशेब उलट फिरतो.

दावा करायचा असल्यास सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दरवाजा उतरवू नये.

बसवताना

दरवाजा विकत घेण्यापूर्वीच गाडीचा पिलर पाहून घ्यायला हवा होता, हे मला उशिरा सुचले. सुदैवाने तो सरळ होता. धडक पिलरपर्यंत पोहोचली असेल तर मूळ कंपनीचा कोरा दरवाजाही बसणार नाही. चौकटीचे दोन कर्ण टेपने मोजावेत, मग दुसऱ्या बाजूच्या चौकटीचे मोजावेत, आणि तुलना करावी. फरक असेल तर आधी पिलर ओढून सरळ करण्याचे काम, आणि त्याचा खर्च दरवाजापेक्षा मोठा असू शकतो.

गावाहून दरवाजा आणताना तो आडवा टाकू नये. पुढचा दरवाजा काचेसह वीस-पंचवीस किलोच्या आसपास भरतो आणि बाहेरच्या पत्र्यावर झोपवला की टेम्पोच्या एका खड्ड्यात त्याला पोचा पडतो. आरसा काढून वेगळा गुंडाळावा, दरवाजा तळाच्या कडेवर उभा ठेवावा आणि दोन्ही अंगांना जुनी गादी लावावी.

काम सुरू करताना बॅटरीची वायर काढून काही मिनिटे थांबावे, विशेषतः गाडीला बाजूच्या एअरबॅग असतील तर. मग पॅड, त्यामागची प्लॅस्टिकची शीट, वायरिंग, काच, मशीन, लॉक या क्रमाने जुना दरवाजा रिकामा करावा. किल्लीचे सिलिंडर आपलेच बसवावे, नाहीतर एका गाडीला दोन किल्ल्या सांभाळाव्या लागतात. सांगाडा लावताना दोन माणसे लागतात. एक पेलतो आणि दुसरा बोल्ट बोटाने लावतो. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी पुढच्या मडगार्डशी आणि मागच्या दरवाजाशी असलेली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी, साधारण चार-पाच मिलिमीटर, आहे का हे पाहावे. दरवाजा बंद होताना वर उचलला जात असेल, तर पुष्कळ जण पिलरवरचा लॉकचा आकडा, म्हणजे स्ट्रायकर, खाली सरकवून काम भागवतात. ही चुकीची दुरुस्ती आहे. आधी बिजागरीवर फट जुळवावी आणि स्ट्रायकरला शेवटी हात लावावा, एरवी दरवाजा बंद होतो पण रबर एका कोपऱ्यात दाबले जात नाही आणि ताशी ऐंशीच्या वेगाला शिट्टी वाजू लागते.

प्लॅस्टिकची शीट अनेक गॅरेजमध्ये फाडून फेकून देतात, कारण ती काढताना चिकटते आणि लावताना कंटाळा येतो. ती नसेल तर दरवाजाच्या पोटातले पाणी तळाच्या भोकाकडे न जाता पॅडच्या मागून थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये येते. फाटली असेल तर जाड प्लॅस्टिकची नवी कापून चिकटवावी. पॅडच्या क्लिपाही तुटतातच. नव्या क्लिपा स्वस्त असतात आणि त्या न घातल्यास पॅड खडखडत राहतो.

रंगाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो, उदाहरणार्थ मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा झेड२एस, आणि कोड एक असला म्हणजे रंग एक दिसेल असे मानू नये. दहा उन्हाळे आटपाडीत काढलेली चंदेरी गाडी आणि झाकलेल्या पार्किंगमधली चंदेरी गाडी शेजारी ठेवली की फरक कळतो. साधा पांढरा जुळतो, चंदेरी आणि मोतिया छटा जुळत नाहीत, म्हणून चांगला पेंटर दरवाजाबरोबर शेजारच्या पत्र्यावरही रंग विरवत नेतो. त्याचे पैसे वेगळे लागतात, हे आधी विचारून घ्यावे. माझा दरवाजा पांढऱ्या गाडीचा पांढराच होता, तरी उन्हात जरा पिवळट दिसतो. तो मी तसाच ठेवला आहे.

सगळे बसल्यानंतर काच दहा वेळा वर-खाली करावी, दरवाजा आतून आणि बाहेरून उघडावा, किल्लीने आणि रिमोटने लॉक करून पाहावा, आणि शेवटी एकाला गाडीत बसवून बाहेरून पाइपने काचेवर पाच मिनिटे पाणी सोडावे. तळाच्या भोकांतून पाणी गळताना दिसले पाहिजे आणि आतला पॅड कोरडा राहिला पाहिजे. ही परीक्षा होईपर्यंत जुना सांगाडा भंगारात घालू नये, कारण विसरलेला एखादा रबरी बूच, आरशामागचा त्रिकोणी तुकडा किंवा वायरिंगची क्लिप त्यातच अडकलेली असते. मी तो आठवडाभर अंगणात ठेवला होता, आणि त्यातून दोन बूच व एक क्लिप निघाली. नंतर भंगारवाल्याने तो किलोवर नेला.